पत्रूबुवांनी पाहिलेला चक्रवाक

या, पुढं सरका थोडे. सतरंजी आखूड आहे खरी, पण गुडघ्याला गुडघा लावून बसलं की सगळे मावतात. पोरांना मांडीवर घ्या, सुपारी नंतर कातरा. आजची गोष्ट एका बुवांची आहे. एका पाखरासाठी त्यांनी कीर्तन सोडलं आणि त्याच पाखरासाठी पुन्हा धरलं. ती पुरी ऐकल्याशिवाय कोणाला उठू द्यायचं नाही, असं ठरवूनच सांगायला घेतली आहे.

ब्रह्मपुरीहून एस.टी. सुटायची ती वैनगंगेच्या काठावरच्या मोहघाटात येऊन थांबायची. पुढं रस्ताच नव्हता, पुढं नदी. नदीपलीकडचा मुलूख चंद्रपुरातून निघून गडचिरोली जिल्हा झाला, त्याला तेव्हा जेमतेम दोनेक वर्षं झालेली. डोंग्यातून पलीकडं उतरलं की जिल्हा बदलतो, याचं गावाला अजून हसू येई.

या मोहघाटात पत्रूबुवा राहत. धानाची थोडी शेती आणि बाकी सारं कीर्तन. गळा असा, की उत्तररंगात, आख्यान सांगताना, त्यांनी तान घेतली की धानाच्या बांधावरचा माणूससुद्धा विळा थांबवून ऐके. पेटीवर मुखरू ढिवर. मासे धरता धरता पेटी शिकला, आणि पेटी वाजवता वाजवता बुवांची टिंगल करायलाही. बुवांचं नाव झालं होतं ते एका आख्यानानं. ते त्यांच्या गुरूंनी घालून दिलेलं. चक्रवाकाची जोडी ऋषीच्या तपात खोडा घालते, ऋषी शाप देतो, आणि तेव्हापासून सूर्य बुडाला की नर या काठावर, मादी म्हणजे चकवी त्या काठावर. मधून नदी. रात्रभर दोघं एकमेकांना हाका मारतात, पण नदी काही ओलांडता येत नाही. विरहानं झुरून झुरून पाखराचा रंग राखेचा झाला, मान छातीत गेली, हे बुवा असं सांगत की बायाबापड्या पदरानं डोळे पुसत. "हीच ती आपली वैनगंगा, हेच ते काठ," असं म्हणून ते नदीकडं हात करत.

त्या वर्षी हनुमान जयंतीला देवळापुढं कीर्तन चाललं होतं. बुवांचा हात नदीकडं गेला, मुखरूनं पेटीचा भाता फुगवला, आणि बायांच्या बाजूनं आवाज आला,

"बुवा, थांबा जरासे."

ठमाबाई उभी राहिली होती. वाकलेली, पण आवाज सरळ.

"हे पाखरू तुमी पाह्यलं का?"

"आख्यानात आहे, बाई," बुवा म्हणाले.

"आख्यानात हाये ते मी दरसाल आयकतो. नदी आपली म्हनता, काठ आपले म्हनता, मंग पाखरूबी आपलंच असन. पाह्यलं का नाई पाह्यलं?"

लोक हसले. कोणी म्हणालं, "बस व बुढे!" बुवा मात्र हसले नाहीत. देवापुढं उभं राहून खोटं बोलायची सवय नव्हती त्यांना.

"नाई पाह्यलं," ते म्हणाले.

"मंग न पाह्यलेल्या पाखराचा शाप माह्या सुनेच्या डोक्यावर काऊन ठेवता? तुमचं कीर्तन झालं का साऱ्या गावाच्या बाया तिले चकवी म्हनते. पान्यावर गेली, चकवी. रोवण्यावर गेली, चकवी. तिचा नवरा कोळशाच्या खदानीत गेला हा तिचा शाप म्हनते! तुमी शाप सांगता, अन् भोगते ते."

ठमाबाईचा मुलगा गुलाब राजुऱ्याकडच्या खाणीत कामाला लागला होता. पोळ्याला यायचा आणि होळीला यायचा. सून सीता इथं सासूजवळ. तीही तिथंच बसली होती, गुडघ्यांत तोंड घालून.

बुवांनी कीर्तन अर्धवट टाकलं नाही. आरती केली, सर्वांना बुक्का लावला. मग चिपळ्या फडक्यात बांधल्या आणि सप्ताह भरवणाऱ्या वामनरावांपुढं जाऊन म्हणाले, "भाऊ, हे पाखरू डोळ्यानं पाहीन. त्याची रात्र कशी जाते तेही पाहीन. तोवर मी या जागेवर उभा राहात नाई."

वामनरावांना वाटलं, बुवा रागावले, आठवड्यात उतरतील. "माघात सप्ताह हाये बुवा. तुमी नाई तं नागभीडचे बुवा आनावे लागन. त्यायलेबी हेच आख्यान येते, ध्यानात ठेवा."

बुवांनी ते चांगलंच ध्यानात ठेवलं. आपण गप्प बसलो तरी माघात शाप सांगितला जाणारच आणि सीता पुन्हा गुडघ्यांत तोंड घालणार, हे त्यांना तिथंच उमगलं.

गावाच्या खालच्या अंगाला नदीनं फार पूर्वी सोडून दिलेली एक वाट होती. लोक तिला जुनी धार म्हणत. पुरात ती नदीला मिळे, उन्हाळ्यात तळ्यासारखी वेगळी पडे. बाजूला लव्हाळे, दलदल, मधे कमळं, आणि पलीकडं थेट नदीची वाळू. पाखरं सगळी तिथं. बुवा दुसऱ्याच दिवशी पहाटे स्नान करून, कपाळाला बुक्का लावून तिकडं निघाले. मुखरू डोंगा घेऊन बरोबर आला, कारण कीर्तन बंद म्हणजे त्याची पेटीही बंद, आणि रिकाम्या माणसाला दुसऱ्याची फजिती पाहण्याइतकं सुख कशात नसतं.

"कसं असते म्हनता ते?" त्यानं विचारलं.

"राखेच्या रंगाचं. एकटं. मान खाली घातलेलं. दुःखी."

"म्हंजे माह्या सासऱ्यासारखं."

पुढं वैशाख लागला. वाळूवर मुखरूच्या भाऊबंदांच्या डांगरवाड्या लागलेल्या, वेलांवर टरबुजं. त्यांच्या कडेला, उघड्या तापल्या वाळूत, काळ्या टोपीचं आणि पिवळ्या चोचीचं एक चपळ पाखरू अंडी घालून बसलं होतं. उन्हानं तडकायला लागलं की ते नदीवर जाई, पोट पाण्यात बुडवून येई आणि ओल्या पोटानं पुन्हा अंड्यांवर बसे. बुवा ते पाहत राहिले. उपरणं डोक्यावर घेतलं, घसा सुकला, तरी हलेनात. 'हे पाखरू पोटात पाणी नाही आणत, पोटावर आणतं,' असं ते मनाशी म्हणाले आणि हात जोडले. पण हा चक्रवाक नव्हे. हे दुःखी नव्हतं. याला सवडच नव्हती.

मग लव्हाळ्यांत एक सापडला! उंच, राखेच्या रंगाचा, एकटा, मान खांद्यांत ओढून उभा. बुवांचे डोळे लकाकले. धावत जाऊन त्यांनी ठमाबाईला बोलावून आणलं. तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"बुवा, हा तं बगळा होय. याले विरह नाई, याले भूक हाये."

तेवढ्यात त्या विरही जीवानं मान झटक्यानं सोडली आणि मासा उचलून गिळला. मुखरू डोंग्यात आडवा होऊन हसला. पुढं महिनाभर गावात बुवांना बघितलं की पोरं एका पायावर उभी राहत.

पाऊस लागला. जुनी धार आणि नदी एक झाली. रोवणीच्या चिखलातून बुवा तसेच पाणकाठी जात. पाण्यातल्या बाभळींवर उघड्या चोचीच्या मोठ्या पाखरांनी घरटी बांधली होती. चोच मिटली तरी मधे फट राहायची, त्या फटीत घोंगा, म्हणजे पाण्यातली गोगलगाय, धरून फोडायची. एवढी पाखरं, एवढा कालवा, आणि त्या कालव्यात पिल्लांना दोन्ही आईबाप चारत होते. गोकुळाष्टमीला बुवा देवळात मागं बसून टाळ वाजवत राहिले, पुढं उभे राहिले नाहीत. नागभीडहून निमंत्रण आलं, ते हात जोडून परत पाठवलं. त्यांच्या जागी कोणी तरी भजन म्हटलं. लोक म्हणाले, "बुवा, सोडा हट. पाखराची गोष्ट ते किती!" बुवा म्हणाले, "गोष्ट लहान असती तं पोरीले लागली नसती."

पाणी उतरलं. आश्विनात जुन्या धारेवर कमळाची पानं पसरली आणि लांब बोटांचं एक शेपूटवालं पाखरू त्या पानांवरून, बुडण्याची भीतीच नसल्यासारखं, चालत गेलं. हलका, लवकर पिकणारा धान कापायला आला. एके सकाळी शेपटी हलवत धोबी पाखरू बांधावर उतरलं आणि मुखरू म्हणाला, "आली थंडी." त्याच्या मागोमाग बदकं येऊ लागली, शिट्ट्या घालणारी, फावड्याच्या चोचीची, चोचीवर हळदीकुंकू लावल्यासारखी. बुवा एकेक निरखत. आणि कार्तिकात नदीच्या वाळूवर जी उतरली ती पाहून मुखरूनं त्यांना कोपरानं ढोसलं, "पाहा बुवा, तुमच्या उपरण्याच्या रंगाचे!"

भगवी, सोन्यासारखी झगझगणारी मोठी बदकं. उडाली की पंखांत पांढरंशुभ्र चमके. सदा जोडीनं, डौलानं चालणारी, गुबगुबीत.

"छान आहेत," बुवा म्हणाले आणि त्यांच्याकडं पाठ करून लव्हाळ्यांत राखेच्या रंगाचं दुःख शोधू लागले. मार्गशीर्ष गेला तरी ते तसेच शोधत होते. भगवी जोडी रोज समोर, आणि बुवा रोज तिच्या पलीकडं बघत.

पौषात ब्रह्मपुरीच्या कॉलेजातल्या सत्यशीलाबाई विद्यार्थ्यांना घेऊन पाखरं दाखवायला आल्या. त्या प्राणिशास्त्र शिकवत. गळ्यात दुर्बीण, पायांत कापडी बूट. पोरं झाडाखाली डबे खायला बसली, तेव्हा बाईंना लव्हाळ्यांत गुडघाभर चिखलात उभा असलेला बुक्का लावलेला माणूस दिसला.

"काय शोधताय, बुवा?"

"चक्रवाक."

"मग तिकडं काय बघता? तुमच्या मागं उभा आहे ना."

बुवांनी वळून पाहिलं. वाळूवर भगवी जोडी.

"हे?" बुवांना राग आला म्हणा ना. "मॅडम, हे तं बदक होय. असं खाऊन पिऊन माजलेलं!"

"हाच चक्रवाक. हिवाळ्याला उत्तरेकडून येतो, उन्हाळा लागला की जातो. तुमची हनुमान जयंती होते तोवर गेलेला असतो." त्यांनी दुर्बीण त्यांच्या हातात दिली. "नीट बघा. मादीचं तोंड जास्त पांढरट असतं. नराच्या गळ्यात पुढं पुढं काळी बारीक कंठी येते. याच्या आत्ताच आली आहे."

बुवांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि बराच वेळ खाली केली नाही. एवढे महिने ज्याला शोधलं, तो रोज समोर होता; आपणच त्याला दुःखाचा रंग लावून बसलो होतो.

"अन् रात्री?" त्यांनी विचारलं. "रात्री ताटातूट होते का याची?"

सत्यशीलाबाईंनी वाळूवरच्या जोडीकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "पुस्तकात जोडीनं राहतात असं आहे. पण इथली रात्र मी पाहिलेली नाही, बुवा. माझी गाडी पाचला सुटते. न पाहिलेलं तुम्हाला कसं सांगू?"

बुवांनी त्यांना वाकून नमस्कार केला, तर त्या संकोचून मागं सरल्या.

पुनवेच्या आसपास दिवस मावळायच्या आधी चौघं वाळूवर येऊन बसले. बुवा, मुखरू, घोंगडी पांघरलेली ठमाबाई आणि सीता. ठमाबाईनं हट्टच धरला होता, "पाहीन तं माह्या डोळ्यानं. अन् जिच्या डोक्यावर ठेवलं तेबी पाहीन." शेकोटी करायची नाही, बोलायचं नाही, असं बुवांनी बजावलं होतं. मुखरूला दुसरं जड गेलं.

जोडी अलीकडच्या वाळूवर होती. सूर्य मागं गावाच्या झाडांना टेकला, लाल झाला, बुडाला. आणि बुडता बुडताच कंठीवाला नर उठला, नदीवरून आवाज करत पलीकडं गेला आणि समोरच्या वाळूवर उतरला. मादी इकडंच राहिली.

मुखरू कुजबुजला, "घ्या. एक चंद्रपुरात, एक गडचिरोलीत. आता बदली मागा म्हनाव."

पलीकडून हाक आली. भरदार, घशातून, ओलसर. इकडून मादीनं उत्तर दिलं. पुन्हा तिकडून. पुन्हा इकडून. मधून नदी वाहत होती. बुवा पुढं सरकून बसले. आजवर ज्या जागी ते तान घेत, नेमकी तीच जागा समोर जिवंत उभी होती. त्यांनी सीतेकडं पाहिलं. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला होता.

"झालं ना बुवा," मुखरू उठला. "आख्यान खरं निघालं. गुरू काही खोटे नव्हते तुमचे. चला, गार पडून राह्यलं."

ठमाबाईनं घोंगडी आवरली. हातानं वाळू चाचपून उठायला लागली. एवढी वाट चालून तिनं आपल्या सुनेसाठी शापच आणला होता.

"बसा," बुवा म्हणाले.

"आता काय पाहाचं राह्यलं?"

"रात्र. संध्याकाळ पाहून रात्र सांगाची, हेच तं आजवर केलं. बस, मुखरू. डोंगा तुझा हाये, पन नदी माही पाहून झाली नाई."

मुखरू बसला. चंद्र मोहाच्या झाडांवर आला, वाळू पांढरी झाली. पाखरं दिसत नव्हती, फक्त हाका येत होत्या. इकडची एक, तिकडची एक. पाय बधिर झाले. ठमाबाईनं अर्धी घोंगडी सुनेवर टाकली. बुवा मनात नाम घेत होते, पण कान मात्र नदीवर. देवा, काय असेल ते दाखव; गोड असेल तेच दाखव असं म्हणत नाही. जे असेल ते.

मग इकडची हाक थांबली.

काही क्षण फक्त तिकडची. तेवढ्यात पाण्यावर काही तरी पांढरं चमकून गेलं, चांदण्यात पंख उघडावा तसं.

सीतेनं पदर बाजूला केला. "बुवा," ती म्हणाली. त्या रात्रीचं तिचं पहिलंच बोलणं. "आयका. दोन्ही आवाज एका जागून येऊन राह्यले."

सगळे ऐकू लागले. पलीकडच्या वाळूवरून एक हाक आली आणि तिला लागूनच दुसरी. मग दोन्ही बारीक झाल्या, पुटपुटल्यासारख्या, जेवायला बसलेल्या दोन माणसांसारख्या. डोळे ताणून पाहिलं तर पलीकडच्या उथळ पाण्यात, चांदण्यात, दोन सावल्या खांद्याला खांदा लावून चरत होत्या.

"कोन गेलं व?" ठमाबाईनं विचारलं. "नर का मादी?"

"नर तं पयलेच गेला होता. अलीकडं ते होती, पांढऱ्या तोंडाची," सीता म्हणाली. "तेच गेली. तिले कोनी अडवलं नाई."

बुवा उठले, नदीकडं तोंड करून हात जोडून उभे राहिले. मुखरूनं पहिल्यांदाच टिंगल केली नाही.

माघातला सप्ताह. नागभीडच्या बुवांना निरोप पाठवायचा की नाही, या विवंचनेत वामनराव होते, तर पत्रूबुवा चिपळ्या घेऊन दारात उभे. मात्र त्यांनी अगोदरच सांगून टाकलं, की आख्यान तेच होईल, शाप होणार नाही. वामनराव उसळले. "गुरूच्या आख्यानाले हात लावता, बुवा? लोक काय म्हनतीन?"

"गुरूचं सारं ठेवतो. पन जे पाह्यलं ते आता मले गिळता येत नाई. ते सांगू नको म्हनान तं मी घरी बसतो. अन् कोनी दुसरा येऊन शाप सांगन तं उभा राहून विचारीन, भाऊ, पाह्यलं का?"

वामनरावांनी शेवटी हात टेकले, म्हणाले, "मुखरूले सांगा, पेटी झटकून घे म्हना. धूळ बसली असन."

त्या दिवशी मांडव भरला. उत्तररंग लागला. बुवांनी पाखराचा रंग सांगितला, उपरणं पसरून दाखवलं. मादीचं पांढरट तोंड सांगितलं, नराची कंठी सांगितली. सूर्य बुडवला, नर पलीकडं नेला, हाका उभ्या केल्या. बायांनी सवयीनं पदर डोळ्यांकडं नेले. आणि बुवा म्हणाले, "माय हो, थांबा. रडू नका, रात्र अजून सरली नाई. हाक खरी, नदी खरी. शाप मी पाह्यला नाई. मी पाह्यलं ते हे, का ज्याले ज्याच्याकडं जावं वाटते तो हाक मारते, अन् मंग उठून जाते." आणि मुखरूनं अशी लय धरली, बुवांनी अशी तान घेतली, की पंखांचा आवाज मांडवावरून गेल्यासारखा वाटला.

मागून कोणी तरी कुरकुरलं, "पन पोथीत तं..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत बायांच्या बाजूनं ठमाबाई उठली होती. लोकांनी कपाळाला हात लावला, पुन्हा बुढी!

"बुवा, थांबा जरासे. माह्यंबी आयका. सीता राजुऱ्याले जाऊन राह्यली. गुलाब म्हनते खोली लहान हाये. म्हनलं, जोडीले असी किती जागा लागते? मी? मी माह्या हातानं रांधून खाईन, अजून हात झडले नाई." मग तिनं साऱ्या बायांवरून नजर फिरवली. "आता म्हना तिले चकवी! म्हना ना. चूप काऊन झाल्या?"

मग कोणी तरी हसलं, आणि पुढच्या रांगेतून एक म्हातारी म्हणाली, "जाजो व चकवी, सांभाळून जाजो." सीतेनं मान वर केली होती. ती हसत होती आणि रडतही होती, आणि बुवांनी चिपळ्यांवर गजर धरला तो कोणाला थांबवता येईना.

पुढं सीतेचा संसार राजुऱ्याला झाला. ठमाबाई अधूनमधून एस.टी.नं जाऊन यायची आणि खोली खरंच लहान आहे म्हणून भांडून यायची. बुवा शेवटपर्यंत दर हिवाळ्यात वाळूवर जात राहिले. आख्यानासाठी नव्हे, सवय लागली होती.

आता बुवा नाहीत. तुमच्याकडं मागणं एवढंच आहे. हिवाळ्यात कधी वैनगंगेच्या वाळूवर गेलात आणि मावळतीला भगवी जोडी दिसली, तर घाईनं घरी फिरू नका. थोडं थांबा, गार पडलं तरी थांबा. आणि तेवढ्या वेळात पत्रूबुवांची आठवण काढा.